तुटक रेषेच्या खाली

१. सकाळची बातमी

जगाच्या पैशाची प्रकृती कशी आहे, हे सांगणारा अहवाल संध्याकाळी वाचला जायचा होता. सकाळीच तो वर्तमानपत्रात आला.

पहिल्या पानावर, जाड अक्षरांत. 'मंदीतून जग सावरते आहे, पण सारखे नाही. यंदा विकसित देशांचा वेग जगाच्या सरासरीपेक्षा जास्त राहील, उदयोन्मुख देशांचा सरासरीच्याही खाली. अंदाज-संस्थेचा आजचा अहवाल हेच सांगणार असल्याचे खात्रीलायकरीत्या समजते.'

विकसित म्हणजे ज्यांची घडी केव्हाच बसली आहे असे श्रीमंत देश. उदयोन्मुख म्हणजे ज्यांचे कारखाने, रस्ते, बँका अजून वाढत्या अंगाच्या आहेत असे देश. आता एवढ्याशा वाक्यानं कुणाचं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण बाजार उघडला आणि उदयोन्मुख देशांचे रोखे आणि चलनं धडाधड घसरली. चलन घसरलं की त्या देशात बाहेरून येणारं औषध महागतं, तेल महागतं, आणि ज्यानं ती बातमी वाचलेलीसुद्धा नाही त्याच्या खिशाला भोक पडतं.

संस्थेच्या इमारतीत त्या सकाळी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. प्रमुखांच्या खोलीचं दार बंद होतं. आत टेबलाच्या एका बाजूला प्रमुख होते आणि दुसऱ्या बाजूला आकडेवारी विभागातली सगळ्यात नवी मुलगी. वयानं लहान, नोकरीनंही लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. संध्याकाळच्या अहवालातले सगळे आलेख तिनंच काढले होते.

"ओळखपत्र टेबलावर ठेव," प्रमुख म्हणाले.

"सर, मी कुणाला एक अक्षर सांगितलेलं नाही."

"काल बाजार बंद व्हायच्या आधी एका दलाली पेढीनं उदयोन्मुख देशांचे रोखे सपाटून विकले. आज ही बातमी. त्या पेढीत सौदे कोण करतं?"

धाकटीचा चेहरा उतरला. "माझा दादा."

"मग मी काय समजायचं?"

"पण बातमी चुकीची आहे, सर! आपण वेगाबद्दल नेमकं उलट लिहिलंय. तुम्हीच तर तपासलंत."

"मुद्दाम चूक केली असेल. संशय टळावा म्हणून." प्रमुखांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. "हे बघ. अहवाल वाचायच्या आधी नियामक मंडळ बसणार आहे. त्यांना नाव हवंय. दुसरं मिळालं नाही तर तुझं जाईल. तुझं आणि तुझ्या भावाचं. पुढचं पोलीस बघतील."

दारावर टकटक झाली. उत्तराची वाट न बघता एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई आत आली.

"मंडळ बसेपर्यंत ही मुलगी माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "आणि तिला आधी पाणी द्या. कोरड्या घशानं कुणी खरं बोलत नाही आणि खोटंही नीट बोलत नाही."

२. अमुक आणि तमुक

ही ठेंगणी बाई म्हणजे संस्थेच्या दक्षता अधिकारी. त्याआधी त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे इथेही सगळे त्यांना बाईच म्हणत. चौकशीची त्यांची एकच रीत होती. समोरच्याला सांगायच्या, मी चौथीत आहे असं समजा आणि मला समजावून सांगा. ज्याला खरंच कळलेलं असतं तो सोपं करून सांगतो. ज्याला कळलेलं नसतं तो रागावतो.

"सांग," त्या धाकटीला म्हणाल्या. "अहवालात काय आहे?"

धाकटीनं पेला खाली ठेवला. "एक जिना आहे असं समजा. मंदी आली तेव्हा दोघं जण घसरले. विकसित देश थोडेच घसरले. त्यांच्या सरकारांकडे पैसा होता, म्हणजे धरायला कठडा होता. उदयोन्मुख देशांना कठडाच नव्हता, ते पार खाली गेले. आता दोघं पुन्हा चढताहेत. उदयोन्मुख भराभर चढताहेत, पण अजून खालीच आहेत. विकसित हळू चढताहेत, पण आपल्या जुन्या पायरीला पोचलेत."

"म्हणजे वेगात एक पुढे, उंचीत दुसरा."

"हो! आणि लोक नुसता वेग बघून टाळ्या वाजवतात. खोल पडलेला माणूस सुरुवातीला जोरात चढतोच, बाई. तो होता तिथे परत पोचला का, हे विचारायला नको? म्हणून यंदा मी सरांच्या मागे लागून पहिला आलेख बदलून घेतला. वेगाचा काढला, उंचीचा घातला. निळी रेषा विकसित देशांची, नारिंगी उदयोन्मुख देशांची. आडवी तुटक रेषा म्हणजे मंदीआधीची पातळी. निळी तिच्या थोडी वर जाते. नारिंगी खालीच राहते."

"हे बदलल्याचं कुणाला माहीत?"

"अहवाल ज्यांनी वाचला त्यांना."

"आणि काल? काल हा आलेख कुणी पाहिला?"

"काल तालीम होती ना. पण तालमीत तर सगळं झाकलेलं असतं!"

या संस्थेची ही तालीम म्हणजे एक अजब प्रकार होता. अहवाल-वाचनाच्या आदल्या दिवशी सभागृहात दिवे, माइक, पडदा, सगळं तपासायचं. पण गुपित तर फुटता कामा नये. म्हणून प्रमुख भाषण वाचताना आकड्यांच्या जागी 'अमुक' म्हणत आणि वाढेल की घटेल याच्या जागी 'तमुक'. 'यंदा विकसित देश अमुक टक्क्यांनी तमुक होतील,' असं ते गंभीर चेहऱ्यानं वाचत आणि कुणी हसायचं नसे. पडद्यावर आलेख दिसत, पण त्यांचे मथळे आणि आकडे काळ्या पट्ट्यांनी झाकलेले. उरत नुसत्या रेषा.

"तालमीला कोण कोण होतं?"

"सर, मी, प्रसिद्धीवाले, दुभाषी, माइकवाला. आणि मागे उपप्रमुख बसले होते."

बाई उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "तुझा दादा आणि तू एकाच घरात राहता?"

"हो. आई, दादा आणि मी."

"घरी कामाचं बोलता?"

धाकटी क्षणभर गप्प राहिली. "तेवढं सोडून सगळं बोलतो," ती म्हणाली. पण तो क्षण बाईंच्या नजरेतून सुटला नाही.

३. तीन साक्षी

प्रसिद्धीवाले अंगानं भरभक्कम होते आणि त्यांना आधीच घाम फुटला होता.

"बाई, माझ्याकडे असं बघू नका. माझं रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा मला घाबरतं."

"तुम्ही अहवाल वाचलाय?"

"वाचलाय? छापखान्यात बसून मी त्याचं मुद्रित तपासलंय. मथळा मीच सुचवला, 'वेग त्यांचा, उंची यांची.' आणि ही बातमी बघा! ज्यानं दिली त्यानं आमची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही, मी लिहून देतो. सकाळी वाचली तेव्हा पहिल्यांदा हसलो. मग बाजार बघितला आणि हसू गेलं."

दुभाषी खिडकीशी उभे राहून सफरचंद खात होते.

"अमुक आणि तमुक यांना परभाषेत काय म्हणायचं, हे मला कुठल्याही शाळेत शिकवलं नाही," ते म्हणाले. "काल तासभर तेच. घरी गेलो तर बायको विचारते, जेवायला काय करू? मी म्हटलं, अमुक कर."

"पडदा दिसतो तुमच्या भाषांतराच्या खोक्यातून?"

"दिसतो की. पण पडदा बघायची गरज काय? शब्दांची यादी मला आठवडाभर आधी मिळते. यंदा धाकटीनं नवा शब्द दिला, 'पूर्वपातळी'. पहिल्या आलेखासाठी. त्यानं डोकं खाल्लं माझं. बाई, बातमीत तो शब्दच नाही. सरासरी कुठून आली? माझ्या यादीत सरासरी नाहीच."

माइकवाला वायरी गुंडाळत होता.

"तुम्ही पडद्यावर काय पाहिलंत?"

"एक निळी रेष, एक नारिंगी. मला वाटलं, कुठले तरी दोन संघ असतील." त्यानं मान वर केली. "कोण जिंकलं?"

"अजून खेळ चालू आहे," बाई म्हणाल्या.

वर जाताना त्या जिन्याजवळच्या भिंतीपाशी थांबल्या. तिथे जुन्या अहवालांचे पहिले आलेख चौकटीत लावलेले होते. रोज त्यांच्यासमोरून जाणं होई, पण रोज दिसतं ते कुणी बघत नाही. आज बाईंनी एकेक नीट बघितला. दर वर्षी निळी रेषा. दर वर्षी नारिंगी रेषा. आणि दर वर्षी एक आडवी तुटक रेषा, तिच्या टोकाला बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'जगाची सरासरी.'

बाईंनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

४. बाहेर तो बाहेर

उपप्रमुखांची खोली नीटनेटकी होती. त्यांनी उठून बाईंसाठी खुर्ची ओढली.

"पोरगी गुणी आहे हो," ते हळहळून म्हणाले. "पण वय लहान. त्यात सख्खा भाऊ बाजारात सौदे करणारा. माया कुणाला सुटलीय? मंडळाला सांगा, फार कडक होऊ नका म्हणावं."

"तुम्ही अहवाल वाचलाय?"

"मी? छे. शेवटच्या आठवड्यात जो रजेवर गेला, त्याला मसुदा दाखवायचा नाही. बाहेर तो बाहेर. हा नियम मीच केलाय, माझ्याच गळ्यात आला." ते हसले. "मुलीचं लग्न ठरवायला गेलो होतो."

"अभिनंदन. ठरलं?"

"ठरलं. चांगलं घर आहे. तोलामोलाचं... म्हणजे, आमच्यापेक्षा थोडं वरचंच."

"काल तालमीला होतात?"

"मागे बसलो होतो. इतक्या वर्षांची सवय. अमुक-तमुक ऐकल्याशिवाय वर्ष संपल्यासारखं वाटत नाही."

"आणि आजची बातमी?"

"वाचली. कमाल आहे. पोरीनं शब्द न शब्द देऊन टाकला."

बाईंनी मान तिरकी केली. "शब्द न शब्द? तुम्ही तर अहवाल वाचलेला नाही. बातमी बरोबर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

उपप्रमुखांचा हात पेपरवेटवर थांबला. मग ते पुन्हा हसले, अगदी मोकळेपणानं.

"बाई, बातमी चुकीची असती तर तुम्ही एवढी धावपळ केली असती का?"

"तेही खरंच," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तर निर्दोष माणसाकडे असू शकतं आणि तयारीत असलेल्या माणसाकडेही. दोघांतला फरक दाखवायला बाईंकडे काहीच नव्हतं, आणि मंडळाच्या गाड्या फाटकातून आत यायला लागल्या होत्या.

५. पेढीवर

दलाली पेढी रस्त्यापलीकडे, दोन चौक सोडून होती. एका लांबट खोलीत पडदेच पडदे. माणसं एका कानाला एक फोन, दुसऱ्याला दुसरा लावून एकमेकांवर ओरडत होती. काचेच्या खोलीत मालक पाय लांब करून बसले होते. खुशीत दिसत होते.

दादा कोपऱ्यातल्या टेबलाशी होता. बाह्या वर केलेल्या, डोळे तांबारलेले.

"तुम्ही बाई," तो म्हणाला. "धाकटी सांगते, तुम्ही प्रश्न विचारताना चौथीत जाता."

"मग मला चौथीतल्यासारखं सांग. काल काय विकलंत?"

"आमच्याजवळ नव्हते ते रोखे विकले. असं करता येतं. दुसऱ्याकडून उसने घेऊन आज विकायचे, भाव पडले की स्वस्तात परत घ्यायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे. मधला फरक आपला. भाव पडायच्या ऐवजी चढले, तर मात्र खड्ड्यात."

"कुणी सांगितलं विकायला?"

"मालकांनी. काल दुपारी बाहेरून आले आणि म्हणाले, वीक. का, ते मी विचारत नाही. विचारायचा पगार मिळत नाही."

"सकाळपासून भाव पडलेत. मग परत घेतले असतील."

"नाही ना! मी दोनदा म्हटलं, घेऊन टाकू, चांगला फायदा आहे. मालक म्हणाले, थांब, खरी मजा संध्याकाळी. अहवाल वाचला की आणखी पडतील."

बाई त्याच्या टेबलावर वाकल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नीट ऐक. आज बाजार बंद व्हायच्या आधी मालक अचानक म्हणाले, सगळं परत घे, तर मला कळवशील? आणि ते काय बोलले तेही?"

दादानं काचेकडे पाहिलं. "बाई, मी या माणसाचं मीठ खातो. मला काही येत नव्हतं तेव्हा त्यांनी इथे बसवलं."

"माहीत आहे."

"तसं झालं तर पेढीला टाळं लागेल. इथे तीसएक घरं चालतात. त्यातलं एक आमचं."

"तेही माहीत आहे. आणि तसं झालं नाही, तर संध्याकाळी तुझ्या बहिणीचं नाव वाचलं जाईल."

दादाचा फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला आणि बाईंकडे पाठ केली.

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. तो वळला नाही. ना हो म्हणाला, ना नाही. त्या निघाल्या.

६. खरं सांगायची परवानगी

"उपप्रमुख?" प्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, माझी हयात त्यांच्याबरोबर गेली. निळा रंग कुणाचा, नारिंगी कुणाचा, हे त्यांनी ठरवलंय!"

"म्हणूनच ते. बसा आणि माझी चूक काढा." बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि एक आडवी तुटक रेषा काढली. "बातमीत 'सरासरी' आहे. अहवालात नाही. मग ती आली कुठून? या रेषेतून. जुन्या आलेखांत ती जगाची सरासरी असायची. तेव्हा बातमी देणाऱ्यानं आलेख पाहिला, पण मथळा पाहिला नाही. म्हणजे त्यानं तो तालमीत पाहिला, पट्ट्या लावलेल्या असताना. निळी वर, नारिंगी खाली. तो उंचीलाच वेग समजला."

"बरं."

"प्रसिद्धीवाल्यांनी पुस्तिका छापून घेतलीय, ते चुकणार नाहीत. दुभाष्यांना नवा शब्द माहीत होता. माइकवाल्याला रंग कुणाचे हेच ठाऊक नाही, त्याला त्यात काहीच दिसलं नाही. ज्याला दर वर्षी तेच बघायची सवय, त्यालाच त्यात सगळं दिसलं."

"आणि धाकटी? तिनं मुद्दाम उलट सांगितलं असेल तर?"

"मग तिचा भाऊ अजून थांबला नसता. भाव पडल्याबरोबर रोखे परत घेऊन मोकळा झाला असता, कारण संध्याकाळी खरं कळणार आणि भाव चढणार. पेढी तर संध्याकाळची वाट बघतेय. खोटं पसरवणारा स्वतः त्या खोट्यावर पैज लावून बसत नाही. त्यांना ते खरंच वाटतंय, अजूनही."

प्रमुखांनी तो कागद आपल्याकडे ओढला. "पुरावा?"

"नाही."

"मग मंडळाला मी काय दाखवू? ही तुटक रेषा?"

"मला एका माणसाला खरं सांगायची परवानगी द्या. आत्ता. बाजार बंद व्हायच्या आधी."

"म्हणजे अहवाल मीच फोडायचा?" प्रमुखांचा आवाज चिरकला. "तुमचा अंदाज चुकला तर पोरगी जाईल, तुम्ही जाल आणि तुमच्या मागोमाग मी."

"अंदाज सांगणं हा आपला धंदाच आहे, सर," बाई म्हणाल्या. "आज एकदा आपणही त्यावर काहीतरी लावून बघू."

प्रमुखांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मान हलवली, इतकी हळू की ती हलली की नाही अशी शंका यावी.

७. वाट

बाई उपप्रमुखांच्या खोलीत नुसत्या डोकावल्या.

"सांगायला आले होते. प्रकरण मिटेल बहुतेक. बातमी चुकीची निघाली."

"चुकीची?"

"अहो, तो पहिला आलेख यंदा वेगाचा नाहीच. उंचीचा आहे. तुटक रेषा म्हणजे मंदीआधीची पातळी. उदयोन्मुख देशांचा वेग तर भलताच चांगला आहे. संध्याकाळी वाचलं की बाजार उसळी घेईल, सर म्हणत होते." त्या जायला वळल्या. "तुम्हाला कळलं तर हरकत नाही ना? तुम्ही काय, घरचेच."

उपप्रमुखांच्या ओठांवर हसू तसंच राहिलं होतं, पण ते आता कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं दिसत होतं.

थोड्याच वेळात ते फाटकावर गेले. अहवालाच्या दिवशी सगळ्यांचे फोन पहारेकऱ्याकडे जमा असत. बायकोला डॉक्टरांकडे सोडायचंय, असं सांगून त्यांनी आपला फोन घेतला आणि बाहेर पडले. त्यांना कुणी अडवलं नाही.

प्रमुखांच्या खोलीत तिघं बसले होते. प्रमुख, बाई, धाकटी. टेबलावर फोन. खालून सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मंडळाच्या शिपायानं एकदा येऊन विचारलं, "नाव तयार आहे का?" प्रमुख म्हणाले, "होतंय."

फोन वाजत नव्हता.

"दादा सांगणार नाही," धाकटी एकदम म्हणाली. "तो मालकांना देव मानतो."

"पाणी पी," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही त्याला पेढी बुडवायला सांगितलीत."

"हो."

"मी त्याच्या जागी असते तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

बाजार बंद व्हायला आला. प्रमुखांनी कोऱ्या कागदाचं टोक दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. शिपाई पुन्हा दारात आला. या वेळी त्यानं काही विचारलं नाही, नुसता उभा राहिला. प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि फोन वाजला.

बाईंनी तो उचलला. पलीकडे खोलीभर आरडाओरडा आणि त्यातून दादाचा दबलेला आवाज.

"बाई? मालक काचेच्या खोलीतून धावत बाहेर आले. म्हणाले, सगळं परत घे, मिळेल त्या भावानं घे. पांढरेफटक पडलेत."

"आणखी काय म्हणाले?"

"ओरडत होते, 'व्याह्यांनी तोंडघशी पाडलं! कालचा शब्द आज फिरवला!' मुलाचं लग्न ठरलंय त्यांच्या, परवाच पेढे वाटले." तो श्वास घ्यायला थांबला. "मी बाजाराच्या निरीक्षकांना कळवलंय. सगळं, माझ्या नावानिशी. ते निघालेत इकडे."

"दादा!" धाकटी फोनकडे झेपावली. पण तो ठेवला गेला होता.

प्रमुख बाईंकडे बघत होते. "मुलीचं लग्न," ते पुटपुटले. "चांगलं घर."

"उपप्रमुखांखेरीज आज दुपारी हे मी कुणाला सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांना खरं आधीपासून माहीत होतं, त्यांना फोन करायचा असता तर सकाळीच केला असता."

८. एक प्रश्न

उपप्रमुख परत आले तेव्हा त्यांच्या खोलीत बाई बसलेल्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि उभेच राहिले.

"मी एक पैसा घेतलेला नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"काल तालमीनंतर व्याही चहाला आले होते. सगळ्यांसमोर विचारलं, 'उपप्रमुख म्हणजे तुम्ही नक्की करता तरी काय?' हसत विचारलं, पण विचारलं. माझी मुलगी तिथे बसली होती. मान खाली घालून." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "मला एवढंच दाखवायचं होतं की आम्हीही कुणी आहोत. ते पेढीवर जाऊन विकायला बसतील, वर्तमानपत्राला सांगतील, हे कुणाला ठाऊक होतं?"

"आणि सकाळी कळल्यावर? त्या मुलीचं ओळखपत्र काढून घेतलं तेव्हा?"

उपप्रमुखांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

"चूक कुणाचीही होते," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर मी मुलांच्या चुका तपासल्या, मला चुकांचा राग येत नाही. पण काल तुमच्या पुढे दोन रांगांवर ती बसली होती. 'ही तुटक रेषा कसली गं?' एवढं विचारलं असतं, तरी तिच्या गोंधळण्यावरून तुम्हाला कळलं असतं की काहीतरी बदललंय."

"त्या पोरीला विचारू? मी?"

"हं," बाई म्हणाल्या. "तेच म्हणतेय मी."

मंडळासमोर उपप्रमुखांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सांगताना फक्त एकदा थांबले, मुलीचा उल्लेख आला तेव्हा. अहवाल ठरल्याप्रमाणे वाचला गेला, या वेळी अमुक आणि तमुक न म्हणता. उदयोन्मुख देशांना अजून बराच जिना चढायचा आहे, आणि कठडा लागला नाही तर पुन्हा घसरण्याची भीती आहे, असं प्रमुख म्हणाले. धाकटी पहिल्या रांगेत होती. तिनं त्यातलं फारसं ऐकलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. दादा फाटकासमोर उभा होता, कोट हातावर टाकून.

"लागलं टाळं?" तिनं विचारलं.

"लागलं. निरीक्षकांनी चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही." तो हसायला गेला आणि जमलं नाही. "मालक जाताना माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

दोघं चालायला लागले.

"तुला एक सांगतो," दादा म्हणाला. "सकाळी बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, तूच कुठेतरी बोलली असशील. बाई आल्या तेव्हासुद्धा वाटत होतं. मालकांनी रोखे परत घ्यायला सांगितलं, व्याह्यांचं नाव निघालं, तेव्हा कुठे गेलं ते मनातून."

धाकटी थांबली. "मला वाटत होतं, तू माझ्या पिशवीतले कागद बघितलेस."

"मी?"

"बाईंनी विचारलं, घरी कामाचं बोलता का, तेव्हा मी उत्तर द्यायला थांबले. त्यांना कळलं असणार."

समोरून एक सायकल घंटा वाजवत गेली, दोघं बाजूला झाले.

"आईला काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"माझी नोकरी राहिली, हे तू सांग," धाकटी म्हणाली. "तुझी गेली, ते मी सांगते."